‘बा’ आणि ‘वा’ यांच्यामधले दोन मिलिमीटर

कवळी हा शब्द उच्चारताना माणसं आवाज खाली आणतात. मूळव्याधीबद्दलही लोक इतकं दबकून बोलत नाहीत. लालबागच्या माझ्या दवाखान्यात गेली चौतीस वर्षं मी हे पाहते आहे. बाहेर बाकावर बसून देशाच्या अर्थव्यवस्थेवर तारस्वरात बोलणारा गृहस्थ आत येतो, दार नीट लागलं की नाही ते बघतो आणि कुजबुजतो, “डॉक्टर, तो... फुल सेट करायचा होता.” सेट. जणू चहाचे कप.

बाहेरच्या माणसाला वाटतं, कवळी म्हणजे दातांची ओळ. दात हा त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे. ते तयार मिळतात. अवघड असते ती जागा. सगळे दात गेले की हिरडी वापरलेल्या साबणाच्या वडीसारखी झिजत जाते. त्या ओल्या, निसरड्या, हलत्या जमिनीवर आम्ही बांधकाम करतो, तेही खिळा किंवा सिमेंट न वापरता. वरची कवळी थुंकीच्या पातळ थराने टाळूला धरून राहते. खालची तेवढीही धरत नाही. ती गालाने आणि जिभेने सांभाळायची असते. ज्याला ही सांभाळण्याची कला जमते, त्याला वाटतं डॉक्टर चांगला आहे. ज्याला जमत नाही, त्यालाही डॉक्टरबद्दल काहीतरी वाटतं. ते तो मला सांगत नाही, बाकावरच्या लोकांना सांगतो.

जुन्या पद्धतीत माणसाला पाच खेपा घालाव्या लागत. दोन वेळा माप. मग मेणाचा एक घोड्याच्या नालासारखा कठडा करून तोंडात ठेवायचा आणि गरम सुरीने कापत, भर घालत ठरवायचं, की या माणसाचे दात किती लांब होते, ओठ कुठे असायचा, जबडा किती मिटायचा. चौथ्या खेपेला त्या मेणातच दात बसवून चाचणी. माणूस आरशात बघतो, बोलतो, बायकोला दाखवतो. मेणातला दात हवा तसा सरकवता येतो. पाचव्या खेपेला पक्की कवळी हातात. हे शिकायला मला कॉलेजात काही वर्षं लागली आणि कॉलेजातून बाहेर पडल्यावर त्याहून जास्त.

मग डिजिटल कवळी आली. मापाचं चित्र संगणकात जातं, पडद्यावर दात मांडले जातात आणि यंत्र कवळी कापून किंवा थरावर थर चढवून छापून देतं. मी साठी ओलांडल्यावर हे शिकायला गेले. का, ते प्रामाणिकपणे सांगायचं तर आमच्या रस्त्यावर तीन नवे दवाखाने उघडले होते आणि तिघांच्याही पाटीवर ‘डिजिटल’ हा शब्द डॉक्टरच्या नावापेक्षा मोठा होता.

प्रशिक्षण दोन दिवसांचं, एका पंचतारांकित हॉटेलात. समई लावायला तीन मान्यवर होते आणि समईत सेलवर चालणाऱ्या ज्योती होत्या, कारण खऱ्या ज्योतीने हॉटेलातला आगीचा भोंगा वाजतो. मान्यवरांनी एक एक बटण दाबलं, आम्ही टाळ्या वाजवल्या. दोन दिवसांत ‘कवळी’ हा शब्द एकदाही उच्चारला गेला नाही. ‘हास्याची पुनर्रचना’ मात्र इतक्या वेळा झाली की दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मला हसायची भीती वाटायला लागली.

तरी तिथे जे चांगलं शिकवलं ते मान्य केलं पाहिजे. दात नसलेल्या तोंडात कॅमेरा फिरवला तर तो फसतो, कारण ओली हिरडी चकाकते आणि गाल हलतो. म्हणून माप हाताने घ्या आणि त्या मापाचं चित्र काढा, हे प्रशिक्षकांनी नीट दाखवलं. लॅबवाल्याशी पडद्यावर कसं बोलायचं, फाइल कशी जपायची, तेही. फाइल जपण्याचं महत्त्व मला पटलं. म्हातारी माणसं कवळी हरवतात. एकांची माझ्या कारकिर्दीत तीनदा समुद्रात गेली, तिन्ही वेळा शिंकताना.

पण सराव आम्ही प्लॅस्टिकच्या जबड्यांवर केला. छान गुलाबी, गुळगुळीत जबडे. ते गिळत नव्हते, ओकारी काढत नव्हते. त्यांना जीभ नव्हती, ओठही नव्हते. दोन दिवसांत ही गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नाही, माझ्याही. शेवटी प्रशिक्षकांनी सांगितलं, “सरावलात की पाच खेपांचं काम दोन खेपांत. चाचणीची खेप ऐच्छिक आहे.” सभागृहात सुखाचा निःश्वास उमटला. ‘ऐच्छिक’ हा शब्द आम्ही शाळेत असल्यापासून ‘करू नका’ असाच वाचत आलो आहोत.

निघताना प्रमाणपत्र मिळालं आणि एक तक्ता. कवळी बसवल्यावर माणसाकडून कोणते शब्द म्हणवून घ्यायचे, त्याचा. सगळे इंग्रजी. ‘सिक्स्टी-सिक्स’ म्हणताना दातावर दात वाजू नये. ‘फिफ्टी-फाइव्ह’ म्हणताना वरच्या दातांची कड खालच्या ओठाला हलकेच टेकावी. आकडे महत्त्वाचे नाहीत, ध्वनी महत्त्वाचे. दात लांब झाले तर ‘फ’ म्हणताना ते ओठात रुततात, लगेच दिसतं.

दवाखान्यात स्वागतापासून हत्यारं उकळण्यापर्यंत सगळं बघणारी माझी संगीता तक्ता बघून म्हणाली, “मॅडम, आपली माणसं हे कसं म्हणणार? मी मराठीत करून लावते ना.”

तिने सुंदर अक्षरात तक्ता लिहून भिंतीला लावला. सहासष्ट. पंचावन्न. मी दोनदा वाचला आणि तिला शाबासकी दिली. पंचावन्नमध्ये ‘फ’ कुठे आहे, हा प्रश्न तिला पडला नाही तर तिचा दोष नाही. मला पडला नाही, आणि माझ्या मागे भिंतीवर ताजं प्रमाणपत्र होतं.

पहिली डिजिटल कवळी मी वरळीच्या कोळीवाड्यातल्या एका मावशींची केली. बाजारात मासळी विकणाऱ्या. पडद्यावर त्यांच्याच चेहऱ्यात नवे दात बसवून दाखवले, तर त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

“अगो बाय! ही कोण?”

“तुम्हीच, मावशी.”

“ह्या दातांनी मी पापलेट विकायला बसू? गिऱ्हाईक म्हणेल, हिच्याकडे पैसा झालाय, म्हणून भाव चढवलाय. जरा पिवळे कर. आणि हा पुढचा, थोडा वाकडा कर. माझा होता तसा.”

रंग ठरवायला त्या तीनदा आल्या. तिन्ही वेळा घासाघीस. त्या घासाघिशीपायी मला छापलेली कच्ची कवळी त्यांच्या तोंडात घालून बघावी लागली, म्हणजे चाचणीची खेप न ठरवताच झाली. कवळी झकास बसली. त्यात मावशींच्या चिकाटीचा वाटा किती आणि माझ्या प्रशिक्षणाचा किती, याचा हिशेब मी माझ्या बाजूने लावला.

आणि मग तात्या आले.

तात्या नायगावच्या चाळीत राहणारे, मूळचे मालवणकडचे, वय एकोणऐंशी. गिरणीत साच्यावर होते. साचा म्हणजे माग. गिरणी बंद झाल्यावर एका बँकेच्या दारात रखवालदार म्हणून बसून त्यांनी निवृत्तीपर्यंतचे दिवस काढले. त्यांची जुनी कवळी मीच अठरा वर्षांपूर्वी केलेली. ती आता मधोमध दुभंगली होती आणि त्यांनी ती घरच्या घरी चिकटवून आणखी सहा महिने चालवली होती. सोबत सून होती, सुलभा.

“मॅडम, लवकर होईल ना?” ती म्हणाली. “रविवारी मुलीचा साखरपुडा आहे. आणि पुढच्या महिन्यात चाळ खाली करायचीय. दोन्हीकडे बाबांचंच गाऱ्हाणं आहे.”

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कोकणातल्या माणसांचं कुठलंही कार्य सुरू होण्याआधी घरातला किंवा गावातला जाणता माणूस नारळ ठेवून देवाला उभ्याने, मोठ्या आवाजात विनवणी करतो. ‘बा देवा म्हाराजा’ अशी सुरुवात. प्रत्येक वाक्याला जमलेले सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणून होकार भरतात. ‘बा’ म्हणजे बाप. देवाला बाप म्हणून हाक मारायची आणि मग हक्काने मागायचं. मी गिरगावात वाढलेली, देवाबिवाच्या भानगडीत फारशी न पडणारी बाई. पण या प्रकारात पुजारी नसतो, पोथी नसते आणि सगळ्यांना बोलायचं असतं, एवढं मला नेहमी आवडत आलं आहे.

चाळीतल्या साठ-सत्तर घरांत गाऱ्हाणं घालणारे आता तात्या एकटेच उरले होते. पुनर्विकासासाठी चाळ पडणार. त्याआधी तिथल्या जागेवाल्याचा, म्हणजे त्या जागेची राखण करणाऱ्या देवाचा, निरोप घ्यायचा होता. त्याला न विचारता जागा सोडायची नाही, असा त्यांचा रिवाज.

रविवारला सहा दिवस होते. जुन्या पद्धतीत अशक्य. मी म्हटलं, “तात्या, आता डिजिटल आहे. दोन खेपांत देते.” हे वाक्य बोलताना मला जो आनंद झाला, तो मी अजून विसरलेले नाही.

माप हाताने घेतलं, उत्तम आलं. मग चेहऱ्याचा फोटो, कारण वरचा ओठ जिथे संपतो त्याच्या अंदाजाने संगणक दातांची लांबी मांडतो. मी म्हटलं, “तात्या, नेहमीसारखे बसा, फोटो काढते.” आता, तात्यांच्या पिढीला फोटो म्हणजे सरकारी काम. ते ताठ बसले, हनुवटी वर केली आणि ओठ खाली ओढून रेशनकार्डावरचा चेहरा केला. संगणकाने तो ओढलेला ओठ खरा मानला आणि दात त्याच्याही खाली नेले. मेणाचा कठडा घेऊन बसले असते, तर दहा मिनिटं गप्पा झाल्या असत्या, तात्या गिरणीतल्या गोष्टी सांगत हसले असते आणि ओठ आपल्या जागी गेला असता. त्या गप्पा हा वेळेचा अपव्यय नव्हता, ते मापच होतं. हे मला चौतीस वर्षं माहीत होतं. फक्त नव्या प्रक्रियेच्या कुठल्याच पायरीवर ते लिहिलेलं नव्हतं.

शनिवारी कवळी आली. दिसायला देखणी. तोंडात बसली ती टाळूला अशी धरली, की काढायला मला ओढावी लागली. मी भिंतीकडे बोट दाखवलं.

“तात्या, सहासष्ट म्हणा.”

“सासष्ट.”

“पंचावन्न.”

खुर्चीत मागे रेलून, ओठ ताणून, तपासनीसापुढे उभ्या असलेल्या मुलासारखं सावकाश ते म्हणाले, “पंचावन.”

मी कागदावर बरोबरची खूण केली. सुलभा म्हणाली, “बाबा, दहा वर्षांनी लहान दिसता.” तात्या लाजले. सगळे खूश झाले. मी तर अनेकांना फोन करून सांगितलं.

मंगळवारी सकाळी दोघं आले. तात्या आत आले. खिशातून रुमाल काढला, त्यात गुंडाळलेली कवळी माझ्या टेबलावर ठेवली आणि बोळक्या तोंडाने म्हणाले, “डॉक्टरीणबाय, ह्ये तुमचे दात. माका नको.”

“टोचतात का?”

सुलभाने सांगितलं. साखरपुड्याला हॉल भरलेला. तात्यांनी नारळ ठेवला, उभे राहिले, छाती भरून हाक मारली आणि तोंडातून आलं, “वा देवा म्हाराजा!”

“पहिल्यांदा कोणाला कळलंच नाही, मॅडम. मग दुसऱ्यांदा पण तेच. वा देवा. मुलाकडचे हसायला लागले. त्यातला एक मागून ओरडला, वाहवा, क्या बात है! म्हणून. बाबा थांबले. नारळाला हात जोडले आणि खाली बसले.”

मला हसू आलं, हे लपवून काय उपयोग. देवाकडे मागणं मागायला उभा राहिलेला माणूस आणि तोंडातून देवाला दाद. पण ते हसू ओठापर्यंत यायच्या आत मला तात्यांचा चेहरा दिसला.

“मी ह्यांका सांगलंय,” ते भिंतीकडे बघत म्हणाले, “चाळीच्या गाऱ्हाण्याक दुसरो कोणतरी बघा.”

“दुसरं कोणी नाहीये, मॅडम,” सुलभा म्हणाली. “पुतण्या म्हणतो, त्याच्या मोबाइलवर बाबांचं जुनं रेकॉर्डिंग आहे, स्पीकरवर लावू.”

तात्या एकदम उसळले. “जागेवाल्यान माका जलमापासून बघलेला आसा. स्पीकराक खय बघल्यान?”

मी कवळी त्यांच्या तोंडात बसवून सगळं तपासलं. माप बरोबर, जबड्याची मिटणी बरोबर, कुठेही लाल खूण नाही. पुन्हा भिंतीवरच्या तक्त्याकडे वळले. सासष्ट ठीक. पंचावन ठीक. तीनदा म्हणवून घेतलं, कान देऊन ऐकलं. काही सापडेना. मग मी ते वाक्य उच्चारलं, जे आमच्या धंद्यातलं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात नादार वाक्य आहे: “सवय होईल, तात्या.”

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. अठरा वर्षांत त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं.

“डॉक्टरीणबाय,” ते शांतपणे म्हणाले, “तुम्ही आयकतास कित्याक? बघा.”

“काय बघू?”

“साच्यावर आमका काय्येक आयकाक येय नाय. शंभर साचे एकदम धडधडत. वीस वरसां आम्ही एकमेकांचे ओठ बघून बोल्लो. मुकादमाची शिवी पण बघूची लागा. आरसो द्या.”

त्यांनी कवळी अंगठ्याने नीट दाबून बसवली, उभे राहिले, हातातला आरसा समोर धरला आणि हॉलमध्ये मारली असेल तशी मोठ्याने हाक मारली, “वा!” पुन्हा, “वा!” मग आरशातल्या तोंडावर बोट ठेवून मला म्हणाले, “ह्यो खालचो ओठ. ह्याका वरच्या ओठाक भेटूचा आसा. वाटेत दात मध्ये येता. त्याकाच भेटून परत येता.”

निदान संपूर्ण होतं. ‘ब’ला दोन्ही ओठ मिटावे लागतात. दात लांब असले की खालचा ओठ वर जाताना आधी दाताला लागतो आणि ‘ब’चा ‘व’ होतो. खुर्चीत बसून, जपून, हळू म्हणताना माणूस ओठ ताणून कसंबसं जुळवून घेतो. उभ्याने, छाती भरून, एका दमात म्हणताना नाही. आणि हे ज्या ध्वनीने आधी पकडायचं, तो ‘फ’ आमच्या तक्त्यात नव्हताच. असता तरी तात्यांसाठी उपयोग नव्हता. मी त्यांना “फणस म्हणा” म्हटलं, तर ते दोन्ही ओठ घट्ट मिटून ‘प’ला श्वास जोडावा तसं “फणस” म्हणाले. दातांचा संबंधच नाही. माझ्या इंग्रजी शाळेतल्या ‘फ’ला दात लागतो, त्यांच्या मालवणी ‘फ’ला लागत नाही. हा फरक मी लहानपणापासून रोज ऐकत होते आणि ज्या दिवशी कामाला आला असता, त्या दिवशी भिंत वाचत होते.

“चूक माझी आहे, तात्या,” मी म्हटलं. “घाई मी केली.”

“ता ऱ्हवांदे,” ते म्हणाले. “आता होताला काय?”

इथे मला यंत्राची बाजू घेतली पाहिजे. जुन्या पद्धतीत मला सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं आणि तात्या पुन्हा पाच वेळा आले नसते, याची मला खात्री आहे. इथे फाइल होती. लॅबने दोन दिवसांत स्वस्तातल्या मालात एक कच्ची प्रत छापून दिली, कापायला, खरवडायला. ती तात्यांच्या तोंडात घातली आणि म्हटलं, “आता उभे राहा आणि गाऱ्हाणं म्हणा. मी बघते.”

“खरा गाऱ्हाणा नाय म्हणूचा.”

“का?”

“नारळ नाय, काय नाय. देव खराच इलो तर काय सांगू? दातांची ट्रायल हा म्हणान बोलावलंय?”

तात्यांनी जरा विचार केला. मग हात जोडून, माझ्या एक्स-रे यंत्राकडे तोंड करून सुरू झाले.

“वा विल्डरा म्हाराजा!”

मी प्रत काढून पुढच्या दातांची कड थोडी घासली. पुन्हा घातली.

“व्बा बिल्डरा म्हाराजा! बाविसाव्या माळ्यावर पाणी चढव, रे म्हाराजा!”

बाहेर बाकावर चार पेशंट होते. लालबागमधलाच बाक तो, निम्मा कोकणातला. दाराच्या पलीकडून एका सुरात आलं, “व्हय म्हाराजा!”

तात्या दचकले. मग तोंडाच्या कोपऱ्यात हसले. नेमका तेव्हा तो ओठ आपल्या मूळ जागी गेला आणि मला दिसला; तिथेच प्रतीवर खूण केली. अजून घासलं. पाव मिलिमीटर, पुन्हा पाव.

“बा बिल्डरा म्हाराजा! ती लिफ्ट बंद पाडू नको, रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“सोसायटीचा मेंटेनन्स आमच्या पेन्शनीत बसव, रे म्हाराजा!”

यावरचा होकार इतका मनापासून आला की संगीता दार उघडून बघायला गेली.

घासलेलं सगळं मोजलं, तेव्हा दोन मिलिमीटर भरले. त्या प्रतीचं पुन्हा चित्र काढलं, लॅबला पाठवलं आणि त्यावरून पक्की कवळी आली. भिंतीवरचा तक्ता मी उतरवला. आता कोणी कवळीला आलं की मी आधी विचारते, तुम्ही मोठ्याने काय बोलता? कोणी भाजी विकतं, कोणी आरत्या म्हणतं, एक बाई दुपारी नातवाला जिन्यावरून हाका मारतात. जे असेल ते उभ्याने, त्याच आवाजात म्हणायला लावते आणि ओठ बघते. तरुण डॉक्टर मला विचारतात, डिजिटल कवळी सुरू करण्याआधी कोणता कोर्स करावा? मी त्यांना सांगते, तो दोन दिवसांचा जरूर करा, जेवण चांगलं असतं. पण त्याआधी मेणाच्या निदान पन्नास कवळ्या करा, म्हणजे यंत्र कुठे चुकतंय ते तुम्हाला कळेल. त्यांना हे आवडत नाही. मलाही त्या वयात आवडलं नसतं.

चाळीच्या गाऱ्हाण्याचं बोलावणं मला सुलभाने केलं. मी गेले. अंगणात टेम्पो लागले होते, कपाटं जिन्यावरून उतरत होती, गॅलऱ्यांमधून शंभरेक माणसं खाली आली होती. मधल्या उंबराखाली, शेंदूर लावलेल्या दगडापुढे तात्यांनी नारळ ठेवला. पांढरा शर्ट, इस्त्रीचा लेंगा. मी गर्दीच्या कडेला उभी राहिले, पर्समध्ये एक छोटी कानस ठेवलेली, ऐनवेळी लागली तर म्हणून.

“बा जागेवाल्या म्हाराजा!”

स्वच्छ, गोल ‘बा’. मी श्वास सोडला.

“आज ही तुझी सगळी लेकरां तुझ्या पायाकडे हुबी आसत, रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आमचे बापजादे गिरणीत पोट भरूक इले, एकेका खोलीत दहा-दहा माणसां ऱ्हवली, कोणाक उपाशी झोपाक दिलंस नाय, रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“कोणाच्या हातान, पायान, तोंडान काय चुकला माकला आसात, ता बापाशीसारख्या पोटात घाल, रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

मी एकेक अक्षर ऐकत होते. खरं म्हणजे बघत होते. ब, प, म, सगळे ओठ मिटत होते. कवळी जागची हलत नव्हती. स्वतःच्या कामावर मी इतकी खूश कधी झाले नव्हते.

“आता आमका...” तात्या म्हणाले आणि थांबले.

पुढचं वाक्य सगळ्यांना माहीत होतं. आता आमका रजा दी. एवढंच मागायचं उरलं होतं. तात्यांचं तोंड उघडं होतं, खालचा ओठ हलत होता, आवाज येत नव्हता. कवळी सुटली, मला वाटलं. वरची घसरली. माझा हात पर्समध्ये गेला, कानस सापडली, मी दोन माणसांना बाजूला सारून पुढे सरकले, आणि जवळून पाहिलं तेव्हा कळलं की दात जिथे असायला हवेत तिथेच आहेत.

टेम्पोवाल्याने इंजिन बंद केलं. तात्या त्या दगडाकडे बघत होते. पुन्हा म्हणाले, “आता आमका...” आणि त्यापुढे गेलेच नाहीत.

मग गर्दीतून एक म्हातारी बाई म्हणाली, “व्हय म्हाराजा.” हळू, जणू ते वाक्य पूर्ण झालं होतं. मग तिच्या शेजारची. मग सगळेच. मीही म्हटलं. कोणाला होकार दिला ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

नारळ फुटला, खोबरं वाटलं गेलं, कपाटं पुन्हा हलायला लागली. तात्या कोणाच्या तरी टेम्पोत चढायच्या स्टुलावर बसले होते. मी त्यांच्याजवळ गेले. हातात अजून ती कानस होती. त्यांनी ती पाहिली.

“दात ठीक आसत, डॉक्टरीणबाय,” ते म्हणाले. “ह्यो दोष तुमचो नाय.”